लांब गेलेले पाय

"माझ्या पायाची नखं तेवढी कापून देतेस का?" आईनं हे विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. हातातल्या वर्तमानपत्राची घडी मोडून पुन्हा घालत होती, आणि आधीचीच घडी जास्त चांगली होती. मी हो म्हटलं, नेलकटर शोधलं, तिच्यासमोर खाली बसले आणि तिची टाच तळहातावर घेतली. टाच जड लागली. पाय एवढा जड असतो हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्याचा पाय असा सगळ्या भारानिशी हातात यायची वेळ तरी कधी येते? अंगठ्याचं नख जाड, पिवळट, एका कडेनं मांसात वळायला लागलेलं. करंगळीला नख आहे की शिंपल्याचा तुकडा चिकटलाय तेच कळेना. "किती दिवस झाले गं कापून?" मी विचारलं. "कापते की," ती म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे कापायचे. आता पाय फार लांब गेलेत माझे." मी हसले. तीही हसली, पण मी हसले म्हणून.

त्या वाक्यानं पुढे आठवडाभर माझा पिच्छा सोडला नाही. आई ७६ वर्षांची. या वयात माणसाची उंची कमी होते, पाय लांब कसे जातील? पण तिनं सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. जिथं हात पोचत नाही ती जागा लांबच. आणि ते पाय काही एका दिवसात लांब गेले नव्हते. आधी ती पाय स्टुलावर ठेवून नखं कापायला लागली असेल, मग पलंगाच्या कडेला बसून, मग श्वास रोखून, घाईघाईनं, दर दोन नखांनंतर पाठ टेकून. मग कधीतरी सोडून दिलं असेल. लेसचे बूट जाऊन नुसते पाय सरकवायचे बूट आले ते याच सुमारास. मोजे बंद झाले, कारण विचारलं तर "उकडतं गं." मी ते मान्यही केलं होतं. तिनं वर्षभर तरी हे लपवलं असणार, आणि लपवलेलं मला दिसलं नाही, हे जास्त टोचलं.

त्या रात्री खोलीचं दार लावून मी सरळ उभी राहिले, गुडघे ताठ ठेवले आणि वाकले. बोटं नडगीच्या मध्यावर थांबली.

मी ४९ वर्षांची आहे. नडगीच्या मध्यापासून पायाच्या बोटांपर्यंतचं ते वीतभर अंतर मी बराच वेळ बघत राहिले. मांडीच्या मागे कुणीतरी दोरी आवळून धरावी तसा ताण, कमरेत एक बारीक नकार, आणि चेहऱ्यात उतरलेलं रक्त. सरळ झाले तेव्हा आईच्या यादीशेजारी माझी यादी मांडायला लागले. वरच्या फळीवरच्या वस्तू मी हळूहळू खालच्या फळीवर आणल्या आहेत. गाडी मागे घेताना मान वळवायच्या ऐवजी कमरेपासून सगळीच वळते. पाठीवरची चेन आता पुढून लावून मग ड्रेस फिरवते. पँट घालताना बसते. यातल्या एकाही गोष्टीचा निर्णय मी घेतला नव्हता. शरीर आपल्याला न विचारता तडजोडी करत जातं, आणि तडजोड इतकी सोयीची असते की तिला आपण सवय म्हणतो. दुखलं असतं तर डॉक्टरकडे गेले असते. दुखत नव्हतं, फक्त जग हातभर आत आलं होतं.

मग मी तेच केलं जे माझ्यासारखी माणसं करतात. दुसऱ्या दिवशी पहाटे अलार्म लावून उठले आणि अंथरुणातून थेट जमिनीवर, पाय पसरून, बोटं पकडायच्या मागे लागले. पोचत नाही म्हटल्यावर हिसके द्यायला सुरुवात केली, एक-दोन, एक-दोन, शाळेच्या कवायतीत करायचो तसे. चौथ्या दिवशी डाव्या मांडीच्या मागे काहीतरी चर्रकन झालं. दोन आठवडे लंगडत होते. घरी सांगितलं, जिन्यावर पाय मुरगळला. पायाच्या बोटांना हात लावता लावता जायबंदी झाले हे कुणाला सांगणार? शिवाय वेळही चुकीची निवडली होती, हे नंतर कळलं. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा एखाद-दोन सेंटीमीटर उंच असतो ते त्यामुळेच. त्या टम्म फुगलेल्या चकत्यांवर उठल्याउठल्या पूर्ण वाकून जोर द्यायचा नसतो. तासभर चालू-फिरू द्यावं, अंग जरा गरम होऊ द्यावं. मी मात्र अलार्म बंद करून सरळ वाकायला लागले होते.

फिजिओथेरपिस्ट तरुण होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिनं मला टेबलावर उताणं झोपवलं, दुखरा नव्हे तो पाय हलकेच वर उचलला, जिथं मी दात आवळले तिथं थांबली आणि म्हणाली, "आता नुसता श्वास सोडा." मी सोडला. तिनं पाय पुढे ढकलला नाही, तसाच धरून ठेवला. वीसेक सेकंदांनी तिच्या हाताखाली काहीतरी ढिलं पडलं, मलाच कळलं ते. पाय आपला आपण थोडा वर गेला. "बघा," ती म्हणाली, "एवढ्यात काही स्नायू वाढला नाही. घाबरला होता, आता जरा विश्वास बसला." मला ते तेव्हा लहान मुलांना सांगतात तसं वाटलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की मुलीनं मोठी गोष्ट सोपी करून सांगितली होती.

स्नायूंच्या आत बारीक संवेदक असतात, मधे फुगीर आणि टोकांना निमुळते. सूत काढायच्या चातीसारखे दिसतात म्हणून त्यांना चातीचंच नाव आहे. स्नायू किती ताणला जातोय आणि किती वेगानं, ही खबर या चात्या मज्जारज्जूला सतत देत असतात. अचानक हिसका बसला की मेंदूला विचारत बसायला वेळ नसतो, मज्जारज्जूतूनच हुकूम सुटतो आणि स्नायू उलट आवळला जातो. गुडघ्याखाली डॉक्टरांची हातोडी बसल्यावर पाय उडतो तो हाच प्रकार. लिडेल आणि शेरिंग्टन यांनी १९२४ साली या क्रियेचं वर्णन करून ठेवलंय, आणि शंभर वर्षांनी मी पहाटे जमिनीवर बसून एक-दोन, एक-दोन करत स्वतःच्याच चात्यांना चिथवत होते. जितका मी हिसका देणार तितका स्नायू आखडणार. सावकाश गेलं की त्या कमी ओरडतात. तिथंच थोडं थांबलं की आणखी शांत होतात. २०१० साली वेपलर आणि मॅग्नुसन या दोघांनी तोवरचे प्रयोग तपासून लिहिलं की काही आठवड्यांच्या स्ट्रेचिंगनं माणूस जास्त वाकायला लागतो तो स्नायू लांब झाल्यामुळे नव्हे, ताण सोसण्याची त्याची सीमा पुढे सरकल्यामुळे. गोठलेल्या खांद्याच्या काही रुग्णांचा खांदा भूल दिल्यावर जागेपणापेक्षा बराच जास्त फिरतो, तेही याच जातीचं. म्हणजे आपण ज्याला आखडलेलं म्हणतो त्यातलं बरंचसं शरीराची सावधगिरी असते. 'इथून पुढे तू बऱ्याच वर्षांत गेलेली नाहीस, काय आहे कोण जाणे, नकोच जाऊस,' असं ते म्हणत असतं.

हे वाचताना मला माझं कोपर आठवलं.

सहावीत असताना झाडावरून पडून उजवा हात कोपराजवळ मोडला होता. प्लॅस्टर काढलं तेव्हा आतून एक अनोळखी हात निघाला, बारीक, पांढुरका, सोललेल्या काडीसारखा, आणि कोपरात काटकोन करून बसलेला. मी त्याला सरळ हो म्हटलं, तो झाला नाही. ती भीती अजून आठवते. हात माझा आणि ऐकत नाही. हे निव्वळ घाबरणं नव्हतं. तबारी आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली मांजरांच्या पोटरीचा स्नायू आखडलेल्या स्थितीत चार आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवून पाहिला, तर स्नायूतंतूंमधले आकुंचन पावणारे एकक सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले होते. स्नायू लागतो तेवढाच कपडा ठेवून बाकीचा उसवून टाकतो. आणि प्लॅस्टर काढल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ते पुन्हा तयार झाले होते, ही त्या प्रयोगाची मला जास्त आवडलेली बाजू. अर्थात सहावीतल्या मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की रोज संध्याकाळी आई तिच्याजवळ बसते, कोपराखाली उशी सरकवते, हात स्वतःच्या मांडीवर घेते आणि म्हणते, "तूच सरळ कर. मी नुसती धरलाय." ओढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते तिनं शेवटपर्यंत पाळलं. वीस अंक मोजेपर्यंत तसंच ठेवायचं. आणि आईचं मोजणं म्हणजे शुद्ध फसवणूक होती. पंधरापर्यंत नीट यायची, मग सोळा, सतरा, सव्वासतरा, साडेसतरा, पावणेअठरा, अठरा... मी ओरडायचे, मग हसायचे, आणि हसताना कोपर केसभर सरळ व्हायचं. किती महिने लागले आठवत नाही. आज दोन्ही हात पुढे धरले तर उजवा किंचित वाकडा दिसतो, तोही सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

तर आईला हे सगळं पूर्वीच येत होतं. माझ्या हातावर केलेलं स्वतःच्या पायावर करावं असं तिला पस्तीस-चाळीस वर्षांत सुचलं नाही, आणि मलाही नाही.

याचं एक कारण मला शब्दात सापडतं. मराठीत सकाळी अंथरुणात आपण हातपाय ताणतो त्याला आळोखेपिळोखे म्हणतात, आणि सरळ सांगायचं तर 'आळस देणे' म्हणतात. काय अन्याय आहे! जे शरीर आपणहून करतं, जागं होण्याची ही जी पहिली हालचाल आहे, तिचं नावच आळस. लहानपणी वर्गात हात वर करून अंग मोडलं की "आळस काय देतेस?" म्हणून खडू यायचा. चारचौघांत अंग ताणणं असभ्य, कामाच्या जागी तर नकोच. मांजर झोपेतून उठतं ते आधी पुढचे पंजे लांब करून, पाठीची कमान करून, मग मागचा एकेक पाय झटकून. त्याला कुणी आळशी म्हणत नाही, फार तर फोटो काढतात. जांभई तर गर्भातलं मूलही देतं, पहिल्या तीन महिन्यांच्या शेवटाला. आणि आई सांगते की मी हाताचा अंगठा कधी चोखलाच नाही, पायाचाच चोखायचे. तेव्हा पाय तोंडापर्यंत येत होते. तिथून नडगीच्या मध्यापर्यंतचा प्रवास मी मुकाट्यानं, सभ्यपणे, खुर्चीत बसून केला.

आता माझं काय चालतं तेही सांगते, नाहीतर वाटेल मोठी साधना आहे. आंघोळीनंतर अंग गरम असतं तेव्हा दहा मिनिटं. भिंतीला हात टेकून पोटऱ्या, पलंगाच्या कडेवर टाच ठेवून मांडीची मागची बाजू, दाराच्या चौकटीत हात अडकवून छाती, आणि मान दोन्ही खांद्यांकडे, हातानं न ओढता. जिथं ताण जाणवतो पण श्वास अडकत नाही तिथं थांबायचं. श्वास अडकला म्हणजे जास्त झालं, याहून सोपं माप मला सापडलेलं नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या शिफारशीत १० ते ३० सेकंद थांबा, वय झालेल्यांनी ३० ते ६०, आणि एका स्नायूसाठी सगळं मिळून मिनिटभर, असं आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवसही चालतं, रोज केलं तर अधिक बरं. मी सेकंद मोजत नाही, पाच-सहा सावकाश श्वास मोजते. यानं काय होत नाही तेही मला माहीत आहे. ताकद वाढावी म्हणून हे करायचं नसतं, त्याला वजन उचलावं लागतं. व्यायामानंतरचं दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं यानं जवळपास कमी होत नाही. २०११ च्या कॉक्रेन समीक्षेत हे स्वच्छ लिहिलंय. जोरात पळायच्या आधी मिनिटाहून जास्त वेळ ताणून धरलं तर उलट जोर थोडा घटतो. ज्यांचे सांधे मुळातच सैल आहेत त्यांनी आणखी ताणू नये. एवढं सगळं वजा करून जे उरतं ते लहानच आहे: पाठीवरची चेन पुन्हा पाठीवरच लागते. गाडी मागे घेताना मान वळते. बोटं पायाच्या घोट्यापर्यंत गेली आहेत, बोटांना टेकलेली नाहीत, आणि ती टेकतील की नाही याची मला आता फारशी पर्वाही उरलेली नाही. दहा मिनिटांत एक मिनिट असं येतं की मी कुठंच नसते, फक्त डाव्या पोटरीत असते, तिथं काहीतरी सुटतंय हे ऐकत. दिवसभरात दुसरं कुणी माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलत नाही.

आईला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "या वयात? आता काय सर्कशीत जायचंय?" ती बधणार नाही हे धरूनच चालले होते. पण रात्री पायात येणाऱ्या गोळ्यांनी माझं काम केलं. तिला झोपेत पोटरीत गोळा यायचा, किंचाळून उठायची. नेदरलँड्समध्ये २०१२ साली ५५ वर्षांवरच्या ८० जणांवर एक प्रयोग झाला होता, झोपण्याआधी पोटऱ्या आणि मांडीच्या मागची बाजू ताणणाऱ्यांचे गोळे सहा आठवड्यांत कमी झाले होते. तो मी तिला वाचून दाखवला. आईचा छापील अक्षरावर फार विश्वास. दुसऱ्या दिवशीपासून रात्री दिवा मालवण्याआधी ती भिंतीला हात टेकून उभी राहायला लागली, भिंत ढकलल्यासारखी. गोळे पूर्ण गेले नाहीत. पण आता येतात ते आठवड्या-पंधरवड्यानं.

नखांचं मात्र मी तिला चुकीचं शिकवणार होते. फिजिओला विचारायला गेले म्हणून बरं. आईची हाडं ठिसूळ झाली आहेत हे ऐकताच तिनं हात वर केला, "त्यांना पुढे वाकायला अजिबात सांगू नका." पाठीचा बाक करून पुढे वाकलं की मणक्यांच्या पुढच्या कडेवर भार येतो, आणि ठिसूळ मणका तिथंच चेपतो. मेयो क्लिनिकमध्ये १९८४ साली अशा स्त्रियांचा अभ्यास झाला होता: पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींना मणक्यांचे नवे अस्थिभंग झाले, पाठ मागे ताणायचे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्के जणींना. माझ्या उत्साहानं आईचं काय केलं असतं या विचारानं पोटात कालवलं. "मग पाय लांबच राहणार तिचे?" मी विचारलं. "छे," ती म्हणाली, "आपण पायाकडे जायचं नाही. पायाला आपल्याकडे आणायचं." खुर्चीत ताठ बसायचं, एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, आणि तसंच बसून राहायचं. वाकायचं नाही. खुबा सैल व्हायला लागला की गुडघा हळूहळू खाली येतो आणि पाऊल मांडीवर, हाताशी.

पहिल्या दिवशी घोटा गुडघ्यावर पोचलाच नाही, नडगीवरच अडकला. मी खाली बसून तिची टाच तळहातावर धरली, तिला म्हटलं, "तूच उचल. मी नुसती धरलीय." ती माझ्याकडे बघत राहिली. मी मोजायला लागले. सोळा, सतरा, अठरा... "सव्वासतरा कुठं गेलं?" आई म्हणाली.

असे चार महिने गेले. मधे पंधरा दिवस तिनं कंटाळून सोडलं, मधे मी सोडलं. दर तीन आठवड्यांनी रविवारी मी नखं कापायला जातच होते, आणि खरं सांगायचं तर तो रविवार मला आवडायला लागला होता. त्या अर्ध्या तासात आई जे बोलते ते एरवी बोलत नाही. मागच्या रविवारी मी नेलकटर शोधत होते, ते जागेवर नव्हतं. खुर्चीजवळच्या खिडकीत होतं. आई वर्तमानपत्र वाचत होती, फार लक्ष देऊन. मी तिच्या पायांकडे पाहिलं. अंगठ्याचं नख एका बाजूनं तिरकं, दुसऱ्या बाजूनं जरा खोल गेलेलं. पुढच्या बोटांची कडा करवतीसारखी. दोन्ही पायांचं सगळं झालं होतं, उजवी करंगळी सोडून.

मला आनंद झाला. आणि त्याच क्षणी, कशाला लपवू, थोडं वाईटही वाटलं.

"ती नाही आली हाताला," वर्तमानपत्राआडून आई म्हणाली. मी खाली बसले आणि तिची टाच तळहातावर घेतली.